वर्षावासात मुलांनाही वाचू द्या

महोदय,

कृष्णवर्णीय अमेरिकनांबद्दल आपल्याकडे छापून येतं ते बहुधा पोलिसांच्या गोळीबाराबद्दल, नाहीतर खेळाडू-गायकांबद्दल. त्यांच्या चर्चनी पिढ्यान् पिढ्या मुलांना कसं शिकवलं, यावर क्वचितच कोणी लिहितं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांनाच. महाराष्ट्राला हा विषय परका वाटायला नको.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. बंदी उठल्यावर शाळा भरली ती बऱ्याच ठिकाणी चर्चमध्येच. आज नावाजलेलं अटलांटाचं स्पेलमन कॉलेज १८८१ साली फ्रेंडशिप बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात सुरू झालं. पहिल्या वर्गात दहा बायका आणि एक मुलगी, बहुतेक जणी गुलामीतून सुटलेल्या. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत नागरी हक्कांच्या चळवळीच्या ‘फ्रीडम स्कूल’ भरल्या, त्याही कित्येक चर्चमध्ये. मुलांबरोबर मोठी माणसंही शिकायला येत.

ईस्टरची प्रथा तर मला फारच आवडते. लहान लहान मुलं चार ओळी पाठ करून भर चर्चमध्ये म्हणतात. त्याआधी घरी आई नाहीतर आजी त्या घोकून घेते. पोर मध्येच अडलं, रडवेलं झालं, की बाकांवरून आवाज येतो, ‘सावकाश, बाळा.’ कशाबशा ओळी संपतात आणि टाळ्या पडतात. चारचौघांत उभं राहून बोलायची भीती अशी पाच-सहा वर्षांच्या वयातच जाते, आणि ती घालवायला आजीला स्वतःला शाळेची पायरी चढलेली असावी लागत नाही.

नागपुरात कितीतरी बुद्धविहारांत अभ्यासिका चालतात. स्पर्धा परीक्षेची पोरं तिथे रात्री उशिरापर्यंत बसतात, याचा मला अभिमान आहे. पण तिसरी-चौथीतलं मूल आत डोकावलं तर ‘गडबड करू नको’ म्हणून त्याला बाहेर काढतात. त्याने मोठ्याने वाचायचं कुठे? घर एका खोलीचं, आणि त्यात टीव्ही चालू.

विहार समित्यांना माझी विनंती आहे, सुरुवात येत्या वर्षावासापासून, म्हणजे पावसाळ्यातल्या आपल्या उपासनेच्या काळापासून करा. त्या तीन महिन्यांत संध्याकाळी ग्रंथवाचन होतंच. एरवी एकच मोठा माणूस वाचतो आणि बाकीचे ऐकतात. त्यातलं रोज एक पान वस्तीतल्या मुलांकडे द्यावं, आणि मूल अडखळलं तर आजी-आजोबांनी त्याला धीर द्यावा.

— एक निवृत्त शिक्षिका, नागपूर