तक्रार: ओवायला दिलेले मोती न विचारता ब्लीच केल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज चौथा फोन झाला. आता लेखीच.

आईच्या तन्मणीचे बसरा मोती मी तुमच्याकडे फक्त नव्या रेशमी दोऱ्यात ओवायला दिले होते. पावतीवर 'ओवणे, प्रत्येक मोत्यामागे गाठ' एवढंच लिहिलंय. परत आले ते खडूसारखे पांढरे. सायीचा रंग गेला, आतून येणारी झाक गेली. पूर्वी दातावर घासले की बारीक रेतीसारखे लागायचे, आता काचेसारखे घसरतात. ओळखीच्या सोनाराने भिंगातून दाखवलं, भोकाच्या कडेला पारदर्शक पापुद्रा सुटलाय. त्याने सुईने उचलला तर कांद्याच्या सालीसारखा वर आला.

कल्चर मोती, म्हणजे शिंपल्यांची शेती करून वाढवलेले, हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळवतात, हे धंद्यात सर्रास चालतं. ते विकताना सांगितलं तर माझी हरकत नाही. पण हे आखातातले जुने, नैसर्गिक मोती होते आणि माझे होते. ब्लीच जास्त झालं की थरांना धरून ठेवणारं प्रथिन, कॉन्किओलिन, खराब होतं आणि मोती ठिसूळ होतो, हे तुम्हाला माहीत नाही? ते झाकायलाच वर लॅकर, म्हणजे तो पारदर्शक चकचकीत लेप, मारलं ना?

फोनवरच्या तुमच्या माणसाने आधी सहा मिनिटं गाणं ऐकवलं. मग म्हणाला, "मॅडम, पांढरे झाले म्हणजे चांगलंच की. लोक यासाठी वेगळे पैसे देतात." मी म्हटलं, मी सांगितलंच नव्हतं. तर म्हणे, "आम्ही फ्री केलं." आईची वस्तू बिघडवली आणि ती फुकट बिघडवली म्हणून मी आभार मानायचे? वर विचारतो, "जुने पिवळे मोती तुम्हाला कशाला हवे होते?" पिवळे नव्हते ते! मग पुढच्या खरेदीवर 15 टक्के सूट देऊ केली. मी फोन ठेवला आणि रडले.

मी फक्त ओवायला दिले होते.

कोणतं रसायन, किती दिवस, वरून कसला लेप, कोणाच्या सांगण्यावरून, हे लेखी कळवा आणि नुकसानभरपाई द्या. 15 दिवसांत उत्तर आलं नाही तर पावती, आधीचे फोटो आणि तो पापुद्रा घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. लेकीच्या लग्नाचे दागिने तुमच्याकडेच करायचे ठरवले होते, ते आता होणार नाही.

आणि लॅकर काढून देतो म्हणून मोती परत मागू नका. ते तुमच्या हातात पुन्हा देणार नाही.

एक ग्राहक