साहेब, दरडीतून वाचलेली माणसं अजून झोपत नाहीयेत

मा. मदत व पुनर्वसन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी पुण्यात असते, मानसशास्त्रात रिसर्च करते, विषय आघात आणि झोप. आमच्या घरी अजून विचारतात की म्हणजे नक्की करतेस काय, त्यामुळे तुम्हालाही प्रश्न पडला तर राग नाही. सोपं करून सांगते, जीवावरचं काही होऊन गेलं की पुढं माणूस रात्री काय करतो ते मी बघते.

गेले दोन पावसाळे मी सह्याद्रीतल्या एका वाडीत जातेय. दरडीतून वाचलेली लोकं, आता खाली सपाटीला नव्या घरात राहतात. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांच्या दारात आधीच खूप कॅमेरे येऊन गेलेत. तिथं काही जणांच्या मनगटाला मी घड्याळासारखं एक यंत्र बांधलं होतं, त्याला अ‍ॅक्टिग्राफ म्हणतात, हाताच्या हालचालीवरून ते झोपेचा अंदाज काढतं. एका आजीचा रिपोर्ट आला, रोज सहा तास झोप. मी खूश. सुनेला सहज बोलले तर ती हसायलाच लागली, म्हणाली ताई ती कुठली झोपतेय, पाऊस लागला की उंबऱ्यावर येऊन बसते, मांडीवर बॅटरी, तोंड डोंगराकडं, आणि हलत पण नाही कारण हललं तर डोंगराचा आवाज ऐकू येणार नाही म्हणते. आता ती हलत नाही म्हणून माझ्या यंत्राने झोपली असं लिहून टाकलं! यंत्राची ही खोड मला शिकताना पाठ होती, तरी फसले.

तुमच्या विभागाच्या कागदावर ती वाडी अशीच झोपलीय साहेब. घर दिलं, चावी दिली, फोटो झाला, फाईल बंद.

आणि आजीला वेड लागलेलं नाहीये हो. इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 ला दरड आली ती रात्री, घराघरात लोकं झोपलेली, 27 मृतदेह मिळाले आणि 57 जण बेपत्ता ते बेपत्ताच, पण शाळेत बसलेली काही पोरं वाचली. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा, पहाटे चारच्या सुमाराचा, आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून लोकं दमून झोपली होती. जो झोपला तो गेला, हे शरीर एका रात्रीत शिकतं, मग पत्र्यावर पाऊस वाजला की छाती धडधडते, जरा डोळा लागला की तेच स्वप्न पडतं आणि ते स्वप्न नको म्हणून माणूस झोपच टाळतो. महिना उलटून गेला तरी हे असंच राहिलं, त्यात बाकीची लक्षणं पण असली तर डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात. किल्लारीत वाचलेल्या लोकांवरचा एक अभ्यास 1996 मध्ये छापून आला, त्यात तपासलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना मानसिक आजार निघाला. म्हणजे हे आपल्याला तेव्हापासून माहितीय.

मग करतो काय आपण, तर गोळ्या वाटतो. कुठल्या कॅम्पात ते सांगत नाही, पण कागदाच्या पुडीत झोपेच्या गोळ्या दिलेल्या मी स्वतः पाहिल्यात, नावगाव न विचारता. अशा घटनेनंतर पहिल्या महिन्यात मोठ्या माणसांना झोपेसाठी बेंझोडायझेपिन, म्हणजे गुंगी आणणाऱ्या गोळ्या, देऊ नका असं जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्येच सांगितलंय. ज्या बाईला दरडीचा आवाज ऐकू येणार नाही याची भीती आहे तिला गुंगीची गोळी, विचार करा जरा! तिने ती घेतलीच नाही, कोंबडीच्या खुराड्यावर ठेवून दिली.

उपाय आहेत आणि महाग नाहीत. झोपेची सवय परत बसवायची बोलून शिकवायची पद्धत आहे. वाईट स्वप्नाचा शेवट जागेपणी बदलून तो रोज मनात घोळवायचा अशीही एक पद्धत आहे, त्याला लिहिता वाचता यावं लागत नाही, वाडीतल्या एका मामांनी तर स्वप्नातल्या डोंगराला मोठं दार लावून वर कडी घातली. 14416 ही टेलिमानसची, म्हणजे मनाच्या आजारांसाठीची सरकारी फोन हेल्पलाईन चांगलीच आहे पण रेंजसाठी या लोकांना पार डांबरी रस्त्यापर्यंत जावं लागतं, तेही रात्री, पावसात.

म्हणून मागणं एवढंच की पंचनाम्यात शेळ्या आणि भांडी मोजता तशी झोपही विचारा. एका महिन्याने, सहा महिन्यांनी, आणि पुढं दरवर्षी मृग लागायच्या आत एकदा, कमीत कमी पाच वर्षं. आशाताईंना चार प्रश्न शिकवा (त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, तेव्हा या कामाचे वेगळे पैसे द्या), आणि ज्याचं उत्तर वाईट येईल त्याच्यापर्यंत जिल्ह्याचा समुपदेशक गाडीने पोचवा, त्याला तालुक्याला बोलावू नका.

मी जुलैत परत जातेय. तुम्ही पण या एकदा, दिवसा नको, रात्री अकरानंतर या. फक्त गाड्यांचा ताफा लांब डांबरी रस्त्यावरच थांबवा, इंजिनांची घरघर आली की लोकं पोरं उचलून बाहेर पळतात.

आपली,
पुण्याची एक संशोधक