रसायनशास्त्र पदवी: विषयनोंदणीपूर्वी हे तपासा

सर्व सभासदांना आठवण. पदवीचं वेळापत्रक बहुधा भौतिक रसायनापाशी अडतं. त्यातल्या उष्मागतिकीत (उष्णता आणि ऊर्जेच्या अभ्यासात) आंशिक विकलन लागतं आणि पुंजयामिकीचा पाया असलेलं श्रोडिंगरचं समीकरण तर मुळात विकलक समीकरणच. म्हणून कॅल्क्युलस (विकलन-संकलनाचं गणित) आणि भौतिकशास्त्र पहिल्याच वर्षी उरका. ते मागे पडलं, तर भौतिक रसायन आणि त्यावर उभे असलेले विषयही लांबतात, कधी कधी पूर्ण वर्षभर.

सेंद्रिय रसायनाचे दोन्ही भाग लागोपाठच घ्या. मधे सत्र गेलं की अभिक्रियांचा क्रम डोक्यातून निघून जातो.

प्रात्यक्षिकाचे श्रेयांक वेगळे मोजतात का, तेही अभ्यासक्रमात बघून घ्या. नोंदवही रोजच्या रोज लिहा. टायट्रेशनची (मोजून द्रावण घालत दुसऱ्या द्रावणाची तीव्रता काढण्याच्या प्रयोगाची) ०.१ मिलीच्या आत जुळणारी वाचनं मिळेपर्यंत थांबू नका, आणि चुकलेलं वाचन खोडरबरने पुसू नका, एका रेघेने खोडा.