बैलहोंगलच्या अण्णांना, डेअरीच्या काउंटरवरून

अण्णा, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘असू दे की’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या दूध डेअरीचा प्रोग्राम तुम्ही बघितलाच आहे. त्यात पडद्यामागं एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या आतच वेगळं चालणारं काम, दर पंधरा मिनिटांनी साठलेल्या नोंदी फाईलमध्ये उतरवून सर्व्हरला पाठवायचा आणि मधल्या वेळात गाढ झोपायचा. संध्याकाळचं संकलन संपवून खिडकी बंद केली तरी हा आत चालूच. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही, यूपीएस ओरडतोय, अशा वेळी माणूस काय करणार? टास्क मॅनेजरमधनं मारायचा. सकाळी बघावं तर शेवटच्या नोंदी गायब, नाहीतर एखाद्याचे लिटर आहेत आणि फॅटच नाही. म्हशीच्या दुधाचं फॅट हरवलेला उत्पादक काउंटरवर काय बोलतो, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ज्यांनी प्रोग्राम विकला ते ‘रीस्टार्ट करा’च्या पुढं कधी गेले नाहीत. दुसऱ्या एका जाणकारानं पैसे घेऊन त्या थ्रेडला डीमन, म्हणजे ज्याच्यासाठी प्रोग्राम बंद व्हायचा थांबत नाही असा, करून दिलं. बंद झटक्यात व्हायला लागलं, खरं. पण पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत मुख्य प्रोग्राम संपला की डीमन थ्रेड आहे तिथं तोडला जातो, हातातलं काम अर्धं असलं तरी. म्हणजे आम्ही फुकट करत होतो तेच त्यानं पैसे घेऊन आपोआप करून दिलं!

तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, ‘बंद करता तेव्हा तो काय करत असतो?’ तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. मग स्लीप, म्हणजे ती गाढ झोप, काढून तिथं इव्हेंटचा वेट आला, म्हणजे इशाऱ्याची वाट बघणं. पंधरा मिनिटं थांबायचं, पण मध्येच इव्हेंट सेट झाला, म्हणजे बंद करायचा इशारा आला, तर लगेच उठायचं, उरलेल्या नोंदी उतरवायच्या आणि बाहेर पडायचं. मुख्य प्रोग्रामनं जॉईन लावून, म्हणजे थ्रेड संपायची वाट बघत, तोवर थांबायचं. नेट गेलं तर जॉईन लटकून बसेल म्हणून पाठवण्याला टाइमआउट, म्हणजे वेळेची मर्यादा, हेही तुम्हीच सांगितलंत. थ्रेड बाहेरून मारायची सोय जावा या दुसऱ्या भाषेनं १९९८ सालीच ‘वापरू नका’ म्हणून बाजूला ठेवली आणि पायथननं तर दिलीच नाही, हे त्या जाणकाराला कोण सांगणार?

पण माझ्या मनात बसलंय ते वेगळंच. स्क्रीनचा ताबा मी देत होतो, तुम्ही घेतला नाही. ‘हात तुमचाच असू दे, रोज रात्री बंद तुम्हीच करणार.’ मी दोन बोटांनी टाइप करतोय, कंस विसरतोय, तिकडं तुमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या, आतनं कुणीतरी कन्नडमध्ये जेवायला हाका मारतंय, आणि तुम्ही आपले ‘सावकाश, सावकाश’. एकदाही उसासा ऐकू आला नाही.

आमच्याकडं पाटीवरच्या अक्षरांवरनं माणसं हमरीतुमरीवर येतात. तुमचं मराठी मोडकं, माझं कन्नड बाजारापुरतं, तरी आपलं काही अडलं नाही. शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात. समोरच्याला अडाणी न ठरवता शिकवणारी फार थोडी, अण्णा.

पैसे तुम्ही घेत नाही, निदान बेळगावचा कुंदा तरी घ्या. पत्ता मात्र कळवा. आणि हो, शेजारच्या गावच्या डेअरीतही हाच प्रोग्राम आहे, तिथला सेक्रेटरी तुमचा नंबर मागत होता. दिला नाही. रविवारी मीच जाऊन बसतोय, कीबोर्ड त्याच्याच हातात ठेवून.