डिस्चार्जची तयारी दाखल होतानाच सुरू व्हावी

संपादक महोदय,

रुग्णाला ‘उद्या सोडतो’ असे कळताच नातेवाईक बिलाच्या आणि विम्याच्या कागदांत गुंततात. रात्री कोण जागणार, नळी कोण हाताळणार, हे प्रश्न रुग्णवाहिका दाराशी आल्यावर उभे राहतात. पक्षाघाताच्या किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णाला घरी आधार लागणार, हे मात्र डॉक्टरांना बहुधा पहिल्या काही दिवसांतच दिसत असते. मग घराची तयारीही तेव्हापासूनच का सुरू होऊ नये?

माझा मुख्य आग्रह घरच्यांना शिकवण्याबद्दल आहे. नाकातील नळीने आहार देताना रुग्णाचे डोके व छाती किमान 30 अंश उंच असावी आणि नंतरही अर्धा ते एक तास त्याला सपाट झोपवू नये, अन्यथा अन्न श्वासमार्गात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. ही माहिती घाईत नुसती ऐकवून भागत नाही. जो माणूस घरी हे करणार आहे, त्याच्याकडून परिचारिकेसमोर ते प्रत्यक्ष करून घेतले पाहिजे. लघवीची पिशवी मूत्राशयापेक्षा खाली ठेवणे आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर 2 तासांनी बदलणे, यालाही हेच लागू आहे. (हवेची गादी आणली की कूस बदलायला नको, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे.)

औषधांचा घोळ तर वेगळाच. आधीपासून चालू असलेली गोळी आणि रुग्णालयाने लिहून दिलेली गोळी एकाच औषधाची, पण निराळ्या नावांची असू शकते, आणि मग दोन्ही पोटात जातात. म्हणून कोणते औषध बंद, कोणते चालू आणि कोणते नवे, हे डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहिलेले असावे.

एजन्सीकडून माणूस घेताना तो प्रशिक्षित परिचारक आहे की अंघोळ-जेवणाला मदत करणारा काळजीवाहक, हे आधीच विचारून घ्यावे. इंजेक्शन किंवा खोल जखमेचे ड्रेसिंग काळजीवाहकाकडे सोपवणे धोक्याचे आहे. प्राणवायूचे यंत्र विजेवर चालते, तेव्हा सोबत भरलेला सिलिंडर हवाच.

रात्री-अपरात्री नळी निघाली तर फोन कोणाला करायचा, हेही रुग्णालयाने त्याच कार्डावर छापावे आणि त्या क्रमांकावर रुग्णाची माहिती असलेली व्यक्ती उपलब्ध ठेवावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक