दहा टक्के जागा, पण कुणाच्या?

नागोया
16 नोव्हेंबर 2025

प्रिय शुभा,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, फोन उचलला नाही, दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा शिळ्या. काय बोलायचं ते बोल, पण आधी हे वाच. इथे हे कुणाशी बोलू? निवडणुकीचा विषय काढला की लोक हवापाण्यावर येतात. तब्येत बरी आहे. गुडघा होता तिथेच.

इथे जपानमध्ये कोमेइतो या लहान पक्षाने 10 ऑक्टोबरला एलडीपी या सत्ताधारी पक्षाला सोडचिठ्ठी दिली, 1999 पासूनचा संसार मोडला, हे तुला ठाऊकच आहे. माझी झोप उडालीय ती त्याच्या दहा दिवसांनंतरच्या करारामुळे. एलडीपीच्या अध्यक्ष ताकाइचीबाईंनी ओसाकातल्या इशिन पक्षाचा हात धरला, आणि त्या करारात खालच्या सभागृहाच्या जागा दहा टक्क्यांनी कमी करायचं कलम आहे. 465 चे दहा टक्के म्हणजे साडेशेहेचाळीस. त्यावर तुझा एका ओळीचा मेसेज, 'बरंच झालं, खासदार कमी, खर्च कमी.' अगं, पण कुठल्या जागा? 289 एकसदस्यीय आहेत, तिथे मतदार एका चिठ्ठीवर उमेदवाराचं नाव लिहितो, आणि 176 प्रमाणशीर, तिथे दुसऱ्या चिठ्ठीवर पक्षाचं, आणि इशिनचा रोख सगळा प्रमाणशीर जागांवर आहे. असणारच. 2024 मध्ये त्यांच्या 38 जागा आल्या, त्यातल्या 23 एकसदस्यीय मतदारसंघांतल्या, आणि त्या 23 पैकी 19 एकट्या ओसाकातल्या. कोमेइतोच्या 24 पैकी 20 प्रमाणशीर, कम्युनिस्टांच्या 8 पैकी 7, रेइवा या लहान पक्षाच्या तर नऊच्या नऊ. दुसऱ्याच्या ताटातली पोळी कमी करून काटकसर केल्याचं सांगायचं, झालं.

पुढचं तुला पाठ आहे, तरी मांडते. त्या 176 जागा अकरा विभागांत आहेत: किन्की 28, दक्षिण कांतो 23, तोकाई 21, क्युशू 20, तोक्यो आणि उत्तर कांतो 19-19, तोहोकू 12, होकुरिकु-शिन्एत्सु आणि चुगोकू 10-10, होक्काइदो 8 आणि शेवटी बिचारं शिकोकू, 6. खात्रीच्या जागेची रेघ म्हणजे एक भागिले 'जागा अधिक एक'. किन्कीत साडेतीन टक्के मतं असली की एक जागा कुणी हिसकावू शकत नाही. शिकोकूत त्याच खात्रीसाठी साडेचौदा लागतात. सहाच्या चार झाल्या की रेघ वीस टक्क्यांवर. रेघेखालीही जागा मिळते, पण ती मग बाकीची मतं कशी फुटतात त्याच्या भरवशावर.

पेन्सिल घे. आकडे मी मानलेले आहेत. पाच पक्ष, मतं 42, 25, 13, 12, 8. इथल्या द'हॉन्ट पद्धतीने प्रत्येकाला एक, दोन, तीन असं भागत जायचं आणि सगळ्यांत मोठे भागाकार उचलायचे. सहा जागा असतील तर 42, 25, 21, 14, 13, साडेबारा. म्हणजे पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. आता चारच जागा ठेव. 42, 25, 21, 14. पहिल्याला तीन, दुसऱ्याला एक, तिसरा बाद. बेचाळीस टक्के मतांत चारपैकी तीन जागा! आणि ही म्हणे प्रमाणशीर बाजू, जी एकसदस्यीय बाजूचं असंतुलन सावरायला ठेवलीय. ते असंतुलन केवढं, तर 2012 ला एलडीपीने एकसदस्यीय मतांच्या 43 टक्क्यांत 300 पैकी 237 जागा नेल्या होत्या.

हे वाचून तू ओठ मुडपशील, ठाऊक आहे. 2009 मध्ये एलडीपीला हरवून मिन्शुतो पक्षाच्या 308 जागा आल्या तेव्हा 'बघ, झाले दोन पक्ष' म्हणून तू मला पेढे पाठवले होतेस. तीनच वर्षांत 308 चे 57 झाले, तेव्हा तुझं काही आलं नाही. तेव्हाचे पंतप्रधान होसोकावा आणि एलडीपीचे अध्यक्ष कोनो या दोघांनी जानेवारी 1994 मध्ये मध्यरात्री जो सौदा केला, 300 एकसदस्यीय आणि 200 प्रमाणशीर, त्यात दोन उलट्या ओढी एकाच गाडीला जुंपल्या, एवढंच मी तेव्हापासून म्हणतेय. एकसदस्यीय लढाई लहान पक्षांना सांगते, एकत्र या नाहीतर मरा. प्रमाणशीर सांगते, थांबा, पाच टक्क्यांतही जगाल. म्हणून पक्ष विरतात, फुटतात, नावं बदलतात, पण संपत नाहीत. 2021 ला विरोधकांनी दोनशेहून जास्त मतदारसंघांत एकच उमेदवार दिला, आणि प्रमाणशीरला प्रत्येकाने आपापलं दुकान मांडलं. त्यातही जुन्या मिन्शुतोतून निघालेल्या दोन पक्षांनी मतपत्रिकेसाठी एकच संक्षिप्त नाव नोंदवलं, 'मिन्शुतो'! इथे शिक्का नाही, बटण नाही, मतदार नाव हाताने लिहितो. नुसतं 'मिन्शुतो' लिहिलेली मतं मग दोघांत त्यांच्या बाकीच्या मतांच्या प्रमाणात वाटली. उमेदवारांची आडनावं सारखी असली तरी तेच. निकालात दशांशचिन्ह दिसतं ते त्यामुळे. बापट सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, 'अर्धा माणूस मत देतो की काय?'

बरं, कात्री फक्त लहानांना लागेल असंही नाही. मोठ्या पक्षांचे उमेदवार दोन्हीकडे उभे असतात, यादीत सगळे एकाच क्रमांकावर. एकसदस्यीय जागेवर पडले की विजेत्याच्या मतांशी त्यांच्या मतांचं गुणोत्तर काढतात, ज्याचं मोठं तो यादीतून आधी येतो. विजेत्याला 1,00,000 आणि आपल्याला 92,000, तर 92. शेजारच्या मतदारसंघात 60,000 विरुद्ध 54,000, तर 90. म्हणजे आठ हजारांनी पडलेला उठतो आणि सहा हजारांनी पडलेला घरी जातो. वैध मतांच्या दहा टक्के पडली नाहीत तर यादीतूनही बाद आणि तीस लाख येनचं डिपॉझिटही गेलं. यादीच्या जागा कमी झाल्या की हे उठणारे 'भूत' खासदार आधी गळतील. मग पडायची भीती असलेला मुरलेला माणूस अवघड मतदारसंघ घेईल कशाला?

उलटी फजितीही आहे. नुसत्या यादीतल्या प्रत्येक नावामागे साठ लाख येन भरावे लागतात, म्हणून पक्ष यादी आखूड ठेवतात आणि लाट आली की नावंच पुरत नाहीत. 2005 ला पंतप्रधान कोइझुमींच्या लाटेत तोक्यो विभागात एलडीपीची एक जागा अशीच समाजवादी लोकशाही पक्षाला गेली. 2024 ला कोकुमिन मिन्शुतोच्या, म्हणजे त्या एकाच नाववाल्या दोघांपैकी एकाच्या, तीन गेल्या.

आता कोमेइतोचं. त्यांचा सौदा साधा होता. पहिल्या चिठ्ठीवर एलडीपीचा उमेदवार, दुसरीवर कोमेइतो. दर मतदारसंघात त्यांची दहा ते वीस हजार मतं धरतात. समज, पंधरा हजार. ही माणसं घरी बसली तर एलडीपीवाल्याची आघाडी पंधरा हजारांनी घटते. समोरच्याला गेली तर तीस हजारांनी. वर्तमानपत्रं पहिला हिशोब छापतात, उमेदवारांना धडकी भरते ती दुसऱ्याची. आणि कोमेइतोला तरी कुठे सुख? त्यांचे लोक दोन्हीकडे उभे राहत नसत, म्हणून 2024 ला इशिई अध्यक्ष होऊन महिनाभरात साइतामाच्या 14 व्या मतदारसंघात पडले आणि यादीचा आधारही नव्हता. प्रमाणशीर जागा कापल्या तर या पक्षाने कुठे जायचं? कुणाच्या तरी पोटात. मला भीती तीच आहे.

इशिनमधल्या काहींना 1993 पर्यंतची जुनी, तीन ते पाच जागांची पद्धत परत हवीय म्हणे. जुनं म्हटलं की सगळ्यांना गोड वाटतं. तुझ्या विद्यार्थ्यांना तू ती पुण्याच्या चार सदस्यांच्या प्रभागासारखी आहे असं सांगतेस, ते कृपा करून थांबव. प्रभागात चार जागांना चार मतं. त्या जुन्या पद्धतीत चार जागा असल्या तरी मत एकच. बहुमत हवं तर एकेका मतदारसंघात दोन-तीन माणसं उभी करायची, म्हणजे खरा वैरी आपल्याच पक्षातला. गुन्माच्या तिसऱ्या मतदारसंघात चार जागा, आणि एलडीपीचे फुकुदा, नाकासोने, ओबुची एकमेकांची मतं खात होते. तिघेही पंतप्रधान झाले. ओबुची स्वतःला दोन इमारतींच्या बेचक्यातला रामेनवाला म्हणायचे. धोरण एकच, मग लढायचं कशावर? लग्नं, मयती, पूल, रस्ते, आणि त्यासाठी पैसा देणारा गट. माजी पंतप्रधान तानाका 1983 ला निइगाताच्या तिसऱ्या मतदारसंघात 2 लाख 20 हजारांहून जास्त मतं घेऊन आले, लॉकहीड लाच प्रकरणात शिक्षा झालेली असताना. त्यातली निम्मी मतं एखाद्या सहकाऱ्याला दिली असती तरी ते आरामात आले असते, पण ती पद्धत मतं पुढे सरकवू देतच नाही. प्रत्येकाला किती द्यायची याचं अचूक गणित कोमेइतोइतकं कुणाला जमलं नाही.

मंदाचं कळलं. तिला मी वेगळं लिहिते, तू मध्ये पडू नकोस. घर बदलताय ना? पुस्तकांच्या खोक्यांवर मोठ्या अक्षरात नावं घाल, नाहीतर गेल्या वेळेसारखं होईल. ऋचाच्या निकालाचं काय झालं? अभिनंदन करायचं की गप्प बसायचं, तेवढं कळव. आणि मतदारसंघांच्या फेररचनेवरचा तो तुझा तक्ता पाठव, 2022 च्या दहा वाढल्या, दहा घटल्या वाला. कुठल्या प्रांताची किती गेली ते मला लगेच हवंय, विधेयक केव्हाही येईल.

तुझी,
नीलू