विदूषकाच्या गालावरचा निळा थेंब

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला विदूषकांवरचा लेख वाचला. 'रंगवलेल्या चेहऱ्यामागचे अश्रू' आलेच! उदास रोग्याला डॉक्टर विदूषकाचा खेळ बघायला सांगतात आणि तो म्हणतो, 'तो विदूषक मीच', ही गोष्टही आली. ती बहुधा लंडनच्या जोसेफ ग्रिमाल्डीच्या (१७७८-१८३७) नावावर खपवतात. त्यानं सोसलं खूप. शरीर इतकं खिळखिळं झालं की १८२८ च्या निरोपाच्या प्रयोगात त्याला बसून काम करावं लागलं. पण लोक वर्षानुवर्षं हसले, ते त्याचं दुःख झाकलेलं होतं म्हणून?

मी गणिताची निवृत्त शिक्षिका. साठी उलटल्यावर हौसेनं विदूषकाचं शिबिर केलं. पहिल्याच दिवशी लाल नाक लावून उभं केलं आणि 'हसवा' म्हणाले. मी तोंडं वेंगाडली, मुद्दाम घसरले, पाढे उलटे म्हटले. समोर सगळे ढिम्म. खजील होऊन जागेवर निघाले, तर नाकाचं इलॅस्टिक केसांच्या पिनेत अडकलेलं. कुणाला कळू नये म्हणून खोकल्याचं सोंग करत ते सोडवायला लागले आणि सगळा वर्ग हसत सुटला! (मला आधी रागच आला.)

मग कळलं, पॅरिसमध्ये विदूषकी शिकवणाऱ्या जाक लकॉकच्या वर्गातही असंच घडलं होतं. हसवायला उठलेले विद्यार्थी साफ आपटले आणि हिरमुसून जागेवर बसायला गेले, तेव्हा हशा पिकला. लाल नाक हा त्याच्या लेखी जगातला सर्वांत छोटा मुखवटा. एवढ्याशा मुखवट्यानं झाकणार काय? उलट माणूस जे झाकायला धडपडतो, तेच उघडं पडतं. विदूषक ते चारचौघांत उघडं पडू देतो, आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच भाबडेपणानं पुन्हा झाकायला जातो. अवघड आहे ते दुसरं.

स्विस विदूषक ग्रॉकचंच बघा. वाजवायला बसतो, तर स्टूल पियानोपासून लांब. तो उठतो आणि अख्खा पियानो स्टुलाकडे ढकलायला लागतो. गणित म्हणून त्यात चूक काढून दाखवा! अंतर कमी करायचं होतं, केलं. असली उत्तरं मी तीस वर्षं लाल शाईनं खोडत आले.

लेखासोबतच्या चित्रात विदूषकाच्या गालावर निळा थेंब आहे. पुढच्या वेळी तो तेवढा वगळता आला तर पाहावं.

– एक वाचक